लहान मुलाची एडीएचडी तपासणी: कोणत्या सेवेचं निदान धरावं, कोणतं पुन्हा तपासावं

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार. सहा वर्षांखालच्या मुलाची 'एडीएचडी तपासणी' या एका नावाखाली पालकांना चार वेगवेगळ्या सेवा मिळतात. पहिली म्हणजे अर्ध्या तासाची एक भेट आणि एक प्रश्नावली. दुसरी, संगणकासमोर बसवून घेतलेली अवधानाची चाचणी. तिसरी, डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूचा आलेख (ईईजी). चौथी, दोन-तीन भेटींत घर, शाळा, कान, झोप, भाषा असं सगळं पाहून केलेलं सविस्तर मूल्यमापन. अहवालाच्या तळाशी चारही ठिकाणी तेच एक नाव लिहिलेलं असू शकतं. त्या नावामागे काम किती झालं आहे, ते मात्र फार वेगवेगळं असतं. या परीक्षणात आम्ही ते काम तपासलं आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. या वयात पहिल्या तिन्हींपैकी कोणतीही सेवा एकटी निदानाला पुरत नाही. चौथी पुरते, पण तिच्यातही काही जागा रिकाम्या राहून जातात आणि त्या पालकांनाच शोधाव्या लागतात.

मोजपट्टी काय आहे

डीएसएम-५ या २०१३ च्या निदानसंहितेत एडीएचडीची १८ लक्षणं दिली आहेत: ९ अवधानाची, ९ चंचलता आणि उतावीळपणाची. मुलामध्ये यांतल्या एका तरी गटातली ६ लक्षणं हवीत. ती किमान ६ महिने टिकलेली हवीत, काही लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत आणि मुलाच्या रोजच्या व्यवहारात खरोखर आडवी येत असायला हवीत. दुसऱ्या कारणाने त्यांचा अधिक चांगला उलगडा होत असेल, तर हे निदान लागू होत नाही. आणखी एक अट आहे, तीच लहान मुलांच्या बाबतीत सर्वात जास्त निसटते: ही वागणूक मुलाच्या विकासाच्या टप्प्याशी विसंगत असली पाहिजे.

जागेवर बसत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही, सांगितलेलं काम अर्धवट सोडतो. चार वर्षांच्या कितीतरी धडधाकट मुलांबद्दल ही वाक्यं खरी असतात. त्यामुळे 'असं होतं का?' या प्रश्नाने या वयात फारसं काही हाती लागत नाही. 'त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा किती जास्त होतं, आणि त्यामुळे नेमकं काय अडतं?' असं विचारावं लागतं. अहवालात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उदाहरणांसकट नसेल, तर शंका घ्यायला ते पुरेसं कारण आहे.

६ महिन्यांच्या अटीकडेही नीट पाहा. घरात नवं बाळ आलं, घर बदललं, नवी शाळा सुरू झाली, पालकांपैकी एक जण दूर गेला, अशा घटनांच्या तारखा आणि त्रास सुरू झाल्याची तारीख एका कागदावर शेजारी-शेजारी मांडा. दोन्ही जुळत असतील, तर तो कागद तज्ज्ञांसमोर ठेवायलाच हवा.

जन्मतारखेचा प्रश्न

'त्याच वयाची मुलं' म्हणजे 'त्याच वर्गातली मुलं' असं धरलं की मोठी गफलत होते. वर्गातलं सर्वात धाकटं मूल सर्वात थोरल्यापेक्षा जवळजवळ १२ महिन्यांनी लहान असू शकतं. पाच वर्षांच्या मुलासाठी हा आयुष्याचा पाचवा हिस्सा झाला.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही सीमारेषा आहे, तिथल्या मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वात लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान दर १०,००० मागे ८५.१ होतं. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांमध्ये ते ६३.६ होतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सीमारेषा ३१ डिसेंबर. तिथल्या ९ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत हे निदान मिळण्याची शक्यता ३० टक्क्यांनी जास्त होती, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. जन्माचा महिना बदलल्याने मेंदू बदलत नाही. बदलते ती तुलना.

म्हणून शिक्षिकेला प्रश्नावली देताना वरती ठळक अक्षरांत मुलाची जन्मतारीख लिहा. दोन-तीन महिन्यांच्या अंतरातल्या मुलांशीच तुलना करून खुणा कराव्यात, अशी विनंतीही करा. मूल वर्गातल्या सर्वात लहान मुलांपैकी असेल आणि अहवालात त्याचा उल्लेखच नसेल, तर तो मुद्दा लेखी विचारावा.

प्रश्नावली: उपयोगी, पण चुकीच्या वयाला वापरली जाते

पहिल्या प्रकारच्या सेवेचा सगळा भार प्रश्नावलीवर असतो. तेव्हा अहवालात तिचं नाव शोधा आणि ती कोणत्या वयासाठी बनवली आहे ते पाहा. सर्वत्र दिसणारी व्हँडरबिल्ट प्रश्नावली ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिच्यातले गृहपाठाचे, वाचनाचे, गणिताचे प्रश्न चार वर्षांच्या मुलाला विचारून काही निष्पन्न होत नाही. कॉनर्स या दुसऱ्या प्रश्नावलीची लहान मुलांसाठीची वेगळी आवृत्ती २ ते ६ वर्षांची आहे. एडीएचडी रेटिंग स्केलची बालवाडी आवृत्ती ३ ते ५ वर्षांसाठी आहे. ६ वर्षांखालच्या मुलाच्या अहवालात व्हँडरबिल्टच्या गुणांवरून थेट निदान दिलं असेल, तर आम्ही तो अहवाल अपुरा मानतो.

गुण मोजण्यातही चुका होतात. व्हँडरबिल्टमध्ये प्रत्येक लक्षणाला ० ते ३ असे गुण असतात, आणि २ किंवा ३ मिळालं तरच ते लक्षण 'आहे' असं मोजायचं. '१' म्हणजे 'कधीकधी'. ते मोजणीत येत नाही. काही ठिकाणी सगळ्या गुणांची सरळ बेरीज केलेली दिसते, त्यामुळे अनेक 'कधीकधी' मिळून आकडा फुगतो. शेवटच्या भागात अभ्यास आणि नातेसंबंधांविषयी १ ते ५ अशी श्रेणी असते. तिथे किमान एका ठिकाणी ४ किंवा ५ आल्याशिवाय अट पुरी होत नाही. हा भाग कोरा राहिला असेल, तर लक्षणं मोजली गेली पण त्यांनी काय अडतं ते मोजलंच गेलं नाही.

कॉनर्ससारख्या प्रश्नावल्या टी-गुण देतात. त्यात सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १०. ६५ च्या वरचे गुण वाढलेले मानतात. सर्वसाधारण वाटणीत १०० पैकी सहा-सात मुलं तशीही त्या रेषेच्या वर असतात. ६६ आणि ८५ यांना अहवालात एकच विशेषण लावलेलं असलं, तरी दोन्हींचं वजन सारखं नाही. त्यामुळे विशेषण न वाचता मूळ आकडा वाचावा.

आई-वडिलांनी प्रश्नावली वेगवेगळी, एकमेकांशी न बोलता भरावी. शिक्षिका मुलाला काही आठवडे तरी रोज पाहत असलेली हवी. मुलाला लागू न होणारा प्रश्न अंदाजाने भरण्यापेक्षा कोरा सोडून शेजारी तसं लिहावं. घरच्या आणि शाळेच्या खुणा जुळल्या नाहीत तर कोणी खोटं बोलतंय असं समजू नये, कारण असं वारंवार घडतं आणि त्यातून माहितीच मिळते. त्रास फक्त वर्गात असेल, तर ऐकू येणं, भाषा, वर्गातली गर्दी आणि आवाज यांकडे आधी बघावं. फक्त घरी असेल, तर झोप, दिनक्रम आणि घरातला ताण. तज्ज्ञांनी या तफावतीवर अहवालात दोन ओळीही लिहिल्या नसतील, तर दोन ठिकाणांची अट त्यांनी कशी पुरी केली, हे विचारायला हवं.

संगणकाची चाचणी आणि मेंदूचा आलेख

या दोन्ही गोष्टी दिसायला शास्त्रशुद्ध असतात, रंगीत आलेख देतात, त्यामुळे पालकांचा विश्वास पटकन बसतो. पण सहा वर्षांखालच्या मुलासाठी त्यांची किंमत सर्वात कमी आहे.

संगणकाच्या चाचणीत ठरावीक आकृती दिसली की बटण दाबायचं, दुसरी दिसली की थांबायचं. टोव्हा ही चाचणी ४ वर्षांपासून घेता येते. ४-५ वर्षांच्या मुलांना ती निम्म्या लांबीची, सुमारे ११ मिनिटांची देतात. क्यूबीटेस्टमध्ये कपाळावरच्या पट्टीवरून हालचालही टिपली जाते, पण ती ६ वर्षांपासून पुढे आहे. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये तिची शिफारस केली ती ६ ते १७ वयोगटात, आणि तीही डॉक्टरांच्या मूल्यमापनाला पूरक म्हणून.

चुका अधिक होण्याची कारणं अनेक असतात. मुलाला नियम कळला नाही, दुपारची झोप मोडली, अनोळखी खोलीत भीती वाटली, नाक चोंदलं होतं. आकडा या सगळ्यांना एकाच नजरेने पाहतो. उलटही घडतं. नवी खोली, नवं यंत्र आणि शेजारी एकच मोठं माणूस असताना खरोखर एडीएचडी असलेलं मूलही दहा मिनिटं छान बसू शकतं. त्यामुळे वाईट गुणांनी निदान सिद्ध होत नाही आणि चांगल्या गुणांनी ते खोडलंही जात नाही. सरावाचा भाग झाला होता का आणि चाचणी दिवसा किती वाजता झाली, या दोन नोंदी अहवालात असायलाच हव्यात.

मेंदूच्या आलेखात थीटा (संथ) आणि बीटा (वेगवान) लहरींचं गुणोत्तर काढतात. अशा एका उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये परवानगी दिली, ती ६ ते १७ वर्षांसाठी आणि डॉक्टरांच्या मूल्यमापनाला जोड म्हणून. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१६ मध्ये नेहमीच्या मूल्यमापनाच्या जागी ते वापरू नये असं सांगितलं. चार वर्षांच्या मुलासाठी केवळ एडीएचडी ठरवायला हा आलेख काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र मूल मध्येच गोठल्यासारखं थांबत असेल, तर हाच आलेख वेगळ्या कारणासाठी अत्यंत गरजेचा ठरतो. त्याबद्दल पुढे.

चांगलं मूल्यमापन इथे ओळखू येतं

चौथ्या प्रकारची सेवा घ्यावी ती यासाठी: एडीएचडीसारखं दिसणारं दुसरं काही आहे का, याचा ती शोध घेते. हा भाग एका ओळीत उरकलेला असेल, तर सेवा नावापुरतीच सविस्तर आहे.

कानांपासून सुरुवात. लहान वयात पडद्यामागे, मध्यकर्णात द्रव साचणं फार सर्रास घडतं. दुखत नाही, ताप नाही, आणि ऐकू येणं आठवड्यागणिक कमी-जास्त होतं. 'मनात असलं की ऐकतो, नाहीतर लक्षच देत नाही' हे वर्णन एडीएचडीचं वाटतं, पण ते साचलेल्या द्रवाचंही तितकंच असू शकतं. जन्मानंतर कानांची तपासणी झाली होती, एवढ्यावर समाधान मानू नये. अलीकडची श्रवणचाचणी आणि पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोमेट्री दोन्ही हव्यात. डोळे त्याच फेरीत तपासून घ्यावेत.

मग झोप. दुपारची झोप धरून ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास लागतात, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२. मोठं माणूस झोप कमी पडली की मंदावतं. लहान मूल बरेचदा उलट जास्त धावतं, चिडतं, हात उचलतं. दोन आठवडे रोज झोपण्याची, प्रत्यक्ष झोप लागण्याची, मध्ये उठण्याची आणि सकाळी जागं होण्याची वेळ लिहा. घोरणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मान मागे टाकून झोपणं, श्वास अडखळणं यांतलं काही असेल, तर मोबाइलवर पाचेक मिनिटांचं ध्वनिचित्रण करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. इथे अपेक्षा नेमकी ठेवावी. झोपेत श्वास अडणाऱ्या ५ ते ९ वर्षांच्या मुलांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढल्यावर वागणूक आणि झोपेच्या तक्रारी सुधारल्या, पण अवधानाच्या प्रत्यक्ष चाचणीत लक्षणीय फरक पडला नाही. रात्री पाय सतत हलत असतील, तर शरीरातला लोहसाठा दाखवणारी फेरिटिनची रक्तचाचणी करण्याजोगी आहे. प्रत्येक मुलाला थायरॉइडपासून सगळ्या रक्तचाचण्या सरसकट लावण्याची मात्र गरज नसते; खूण दिसेल तीच चाचणी करावी.

आता ते गोठणं. अ‍ॅब्सेन्स प्रकारचा अपस्मार (फेफरं, झटके) बहुतेकदा ४ ते १० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. मूल बोलता-बोलता, खाता-खाता ५ ते २० सेकंद थांबतं, नजर शून्यात जाते, मग जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू होतं. दिवसातून असं अनेकदा होऊ शकतं, आणि शाळेत 'तंद्री लागते' एवढीच नोंद होते. तंद्रीतल्या मुलाच्या खांद्याला हात लावला की ते भानावर येतं; झटक्यातलं मूल येत नाही. दवाखान्यात मुलाला कागदी भिंगरी फुंकत तीन मिनिटं जोरजोराने श्वास घ्यायला लावतात, त्यात झटका दिसू शकतो. मेंदूच्या आलेखात सेकंदाला ३ या वेगाची ठरावीक नक्षी उमटते. इथे तो आलेख काढायलाच हवा.

चालू औषधांची यादीही विचारली गेली होती का ते आठवून पाहा. झटक्यांवरचं फेनोबार्बिटल मुलांना अतिचंचल करू शकतं. दम्यावरच्या माँटेलुकास्टला वागणूक आणि मनःस्थितीवरच्या परिणामांसाठी २०२० मध्ये अमेरिकेत सर्वात ठळक चौकटीतला इशारा लावला गेला. यांतलं काहीही स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं.

भाषेचा मुद्दा सर्वात जास्त दुर्लक्षित राहतो. वाक्य न समजलेलं मूल सूचना पाळत नाही, गोष्ट चालू असताना उठून जातं, हाताने हिसकावतं. घरी करून पाहता येईल अशी एक गोष्ट: तीच दोन टप्प्यांची सूचना एकदा नुसत्या शब्दांत द्या, दुसऱ्या दिवशी हातवारे किंवा चित्र दाखवून द्या. चित्रासोबत ती नेमाने पाळली जात असेल, तर वाचा-भाषातज्ज्ञांची तपासणी झाल्याशिवाय निदान पक्कं धरू नये. एकूण विकासच मागे असेल, तर तुलना विकासाच्या वयाशी व्हायला हवी. पाच वर्षांचं मूल तीन वर्षांच्या टप्प्यावर असेल, तर अवधानही तीन वर्षांचंच अपेक्षित आहे. स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देण्याची मुभा २०१३ पासून आहे, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवण्याचं कारण नाही.

औषध देऊन पाहू या?

'गोळी देऊन बघू, फरक पडला तर निदान बरोबर' हा सल्ला चुकीचा आहे. १९७८ मध्येच एका प्रयोगात, कोणताही विकार नसलेल्या मुलग्यांना एडीएचडीवरच्या डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनची एक मात्रा दिल्यावर त्यांचीही हालचाल घटली आणि लक्ष सुधारलं होतं. औषधाने फरक पडला, एवढ्यावरून निदान बरोबर ठरत नाही.

बालवाडीच्या वयातल्या औषधाचा सर्वात महत्त्वाचा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यात ३ ते साडेपाच वर्षांची ३०३ मुलं घेतली होती आणि औषधाआधी १० आठवड्यांचं पालक-प्रशिक्षण होतं. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांपेक्षा कमी. सुमारे ११ टक्के मुलांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडलं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीची २०१९ ची मार्गदर्शिका सहाव्या वाढदिवसापर्यंत पालक-प्रशिक्षणाला आणि वर्गातल्या वर्तन-उपायांना पहिलं स्थान देते. नाइसची २०१८ ची मार्गदर्शिका पाच वर्षांखाली, या वयातल्या एडीएचडीचा अनुभव असलेल्या सेवेचं दुसरं तज्ज्ञ मत घेतल्याशिवाय औषध देऊ नका म्हणते. चार वर्षांच्या मुलाला पहिल्याच भेटीत निदान आणि औषध दोन्ही मिळालं असेल, तर दुसरं मत घ्यावं.

पालक-प्रशिक्षण मात्र निदानासाठी थांबवू नये. एडीएचडी असो वा नसो, ते उपयोगी आहे. सेवा निवडताना एवढं पाहा: फक्त व्याख्यान आहे, की मुलासोबत प्रत्यक्ष सराव करवून घेतात? हाताच्या अंतरावर जाऊन एका वेळी एकच सूचना देणं, पाच सेकंद न बोलता थांबणं, पाळली की लगेच नेमक्या शब्दांत दाद देणं, रोज पाच मिनिटं मूल म्हणेल तसं खेळणं, ही कौशल्यं ऐकून येत नाहीत, हातून घडवावी लागतात.

शंका किती ताणावी यालाही मर्यादा आहे. वर सांगितलेल्या २००६ च्या अभ्यासातली मुलं मध्यम ते तीव्र त्रासाची होती. सहा वर्षांनंतरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात त्यांतली ८९ टक्के मुलं निदानाच्या निकषांत अजूनही बसत होती. मूल वारंवार जखमी होत असेल, रस्त्यावर सुटून धावत असेल, बालवाडीतून काढलं जात असेल, तर 'मोठा झाला की सुधारेल' म्हणत वर्ष घालवू नका. तिथे दुसरं मत लवकरात लवकर घ्यायचं असतं.

दुसऱ्या मताला जाताना

अहवालाचा सारांश पुरत नाही. भरलेल्या मूळ प्रश्नावल्या, टी-गुणांचा तक्ता, चाचण्यांची नावं आणि तारखा मागून घ्या. बुद्धीची चाचणी झाली असेल तर तारीख नक्की दाखवा, कारण तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात. जेवताना, कपडे घालताना, एकटं खेळताना आणि इतर मुलांबरोबर असं दहा-दहा मिनिटांचं चित्रण न्या. त्यात चांगले प्रसंगही हवेत, फक्त गोंधळाचे नकोत. झोपेची वही, श्रवणचाचणी, तारखांचा कागद आणि शिक्षिकेने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं अर्धं पान सोबत ठेवा.

तिथे नेमके प्रश्न विचारा. कोणती ६ लक्षणं धरली, आणि प्रत्येकाचं घरातलं व शाळेतलं उदाहरण कोणतं? दुसरी कोणती कारणं तपासून बाजूला ठेवली, कशावरून? तुलना कोणत्या वयाच्या मुलांशी केली? चांगले तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाहीत. उत्तरं त्यांच्या टिपणांत आधीच असतात.

उत्तरं अर्धवट असतील आणि त्रास खरा असेल, तर अहवालात 'तात्पुरतं निदान' असं लिहून घ्या आणि फेरतपासणीची तारीख सहा महिन्यांच्या आतली मागा. त्या तारखेला शिक्षिका बदललेली असेल, तर नव्या शिक्षिकेकडून प्रश्नावली नव्याने भरून घ्यावी, जुनी तिला दाखवू नये.